शेंदराखालचा रंग

मोजायला आलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. हातात टेप असो, चाक लावलेली काठी असो की नुसती नजर, माणूस मोजायला लागला की समजावं, याला काहीतरी न्यायचं आहे. नवरा म्हणतो, तुला शिंप्याचासुद्धा संशय येतो. येतो. शिंपी कापड मोजत असतो तेव्हा मी त्याच्या हाताकडेच बघत उभी राहते, आणि कापड कमी पडलं असं सांगायची त्याची हिंमत होत नाही.

हा संशय मी माहेरून आणलेला नाही. माहेर बुलढाण्याकडचं, तिथे बांधावरून भांडणं व्हायची, पण घराला कुणी टेप लावलेली मी पाहिली नव्हती. संशय सासरचा. सासरची माणसं अंमळनेरकडची. सासरे सुरतेला लूमवर काम करायला आले आणि नवागामला दोन खोल्या बांधून राहिले. पुढे तिथला रस्ता रुंद झाला आणि त्यांची पुढची खोली रस्त्यात गेली. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण ती हकीकत इतक्यांदा ऐकली आहे की त्या खोलीत पाण्याचा माठ कुठे होता तेही मी सांगू शकेन. उरलेली खोली विकून सासरे पलसाण्याच्या पुढे आले, हायवेवरून आत वळणाऱ्या एका रस्त्यावर. तिथे कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या मिली नुकत्या उभ्या राहत होत्या, कामगार येत होते, आणि त्यांच्या जेवणाची सोय कुठेच नव्हती. सासूनं पुढच्या खोलीत खानावळ घातली. मी लग्न होऊन आले ती थेट त्या खानावळीच्या शेगडीपुढेच.

ती खोली म्हणजे आमचं सगळं. नवऱ्याचा मिलमधला पगार कधी वेळेवर होतो, कधी होत नाही; खानावळ मात्र रोज चालते. मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, सगळं त्या खोलीनं निभावलं. खोली थोडी पुढे रेटलेली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागे जागा नव्हती म्हणून सासऱ्यांनी बांधतानाच भिंत रस्त्याकडे सरकवली होती. तेव्हा तो रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट, पुढे त्यावरून कापडाचे ट्रक धावतील असं कुणाला वाटलं असेल.

घराबाहेर, ओट्याच्या कोपऱ्याशी एक दगड पुरलेला होता. वरचं गोल डोकं तेवढं जमिनीबाहेर, आणि त्यावर शेंदराचा जाडजूड थर. सासू त्याला म्हसोबा म्हणायची आणि दर शनिवारी तेलात शेंदूर कालवून लावायची. आकार बघून कुणालाही कळावं की हा किलोमीटरचा दगड आहे. जुन्या वाटेवरचा असेल, आयता मिळाला म्हणून त्यालाच देव केला असेल, असं मी धरून चालले होते. मी त्याला कधी हात जोडले नाहीत. सासूला ते खटकायचं, पण सून बुलढाण्याची म्हटल्यावर तिनं माझ्याकडून फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या.

त्या दगडाकडे माझं लक्ष गेलं ते एका ट्रक ड्रायव्हरमुळे. आमच्याकडे नेहमी जेवायचा, नाशिककडचा होता, आणि बोलायला लागला की थाळी गार व्हायची. एकदा हात धुताना तो दगडाकडे बघून म्हणाला, की या दगडांच्या डोक्यावरच्या रंगावरून रस्ता कुणाचा ते कळतं. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्याचा, काळं किंवा निळं असेल तर जिल्ह्याचा, आणि नारिंगी असेल तर गावरस्ता. रस्ता ज्याचा, दुरुस्ती त्याची. आणि जेवढा मोठा रस्ता तेवढी घरं लांब असावी लागतात, मधोमध रेघ धरून दोन्हीकडे जागा सोडावी लागते. मग आमच्या दगडाकडे बोट करून म्हणाला, तुमचा गावरस्ता आहे ताई, नारिंगी दिसतोय.

मी हसले आणि त्याला ताक वाढलं. पण तो गेल्यावर दगडापाशी जाऊन उभी राहिले. नारिंगी दिसत होता तो सासूचा शेंदूर होता. त्याच्या खाली कोणता रंग होता, कुणास ठाऊक. आणि ज्या रस्त्यावरून एवढे ट्रक जातात तो नुसता गावरस्ता असेल, हे मला पटेना. खाली हिरवा असणार, माझी खात्री झाली. हिरवा निघाला तर पुढची खोली गेलीच.

त्या शनिवारपासून मी भाविक झाले. सासूच्या आधी उठून मी शेंदूर कालवायचे आणि एक थर असेल तिथे दोन थर लावायचे. पावसाळ्यात शेंदूर धुऊन जाईल म्हणून वर पत्र्याचा तुकडाही बसवून घेतला. सासू दारात उभी राहून माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायची. मला वाटायचं, सुनेला सुबुद्धी झाली म्हणून बरं वाटत असेल. एकदा तिनं विचारलं, आज काय मागनं मागं? मी म्हटलं, काही नाही, तुम्हाला निरोगी ठेव म्हटलं. तिला ते मुळीच पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

रस्ता मात्र खराब होत चालला होता. ओल्या कापडाचे, कोळशाचे, रसायनांच्या पिंपांचे ट्रक रात्रंदिवस जायचे, आणि आमच्या दारापुढे नेमका असा तुकडा होता की जिथे डांबर उखडलं ते उखडलंच. हायवेच्या बाजूनं डांबर टाकणारे लोक यायचे ते वळणापर्यंत काम करून परत जायचे. गावाच्या बाजूनं यायचे ते शाळेपर्यंत. मधला तुकडा दोघांनीही सोडलेला. पंचायतीत विचारलं तर म्हणायचे, ट्रक मिलींचे आहेत, मिलींना सांगा. मिलीत विचारलं तर म्हणायचे, रस्ता सरकारी आहे, सरकारला सांगा. सरकारी कचेरीत नवरा एकदा गेला, तर तिथल्या माणसानं नकाशात बघून सांगितलं, की हा तुकडा आमच्याकडे दिसत नाही. नकाशात दिसत नाही, पण आमच्या दारात दिसतो, असं नवऱ्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो तसाच परत आला.

मग मिलवाल्यांनी खड्ड्यांत बॉयलरची राख टाकायला सुरुवात केली. कोरड्या दिवसांत ती राख उडायची आणि आमटीत पडायची. गिऱ्हाईकं म्हणायची, आज डाळ काळी का. मी पातेल्यांवर फडकी बांधायचे आणि ज्यानं टाकली त्याच्या नावानं बोटं मोडायचे. पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात मला तो खड्डा बराही वाटायचा. रस्ता कुणाचाच नाही, तोवर कुणी मोजायला येणार नाही. वाईट रस्ता आणि धड घर, हा सौदा मला परवडत होता.

नवरा पडला तेव्हा तो सौदा मोडला. सकाळची पाळी संपवून तो मोटारसायकलनं येत होता. राखेखाली खड्डा किती खोल आहे ते वरून दिसत नाही. चाक आत गेलं आणि तो आमच्याच दारापुढे आपटला. मी भाकरी थापत होते. आवाज ऐकून बाहेर आले तर तो राखेत बसलेला आणि उजवा हात मनगटातून भलतीकडेच वळलेला. मागून ट्रक येत होता, तो थोडक्यात थांबला. त्या ट्रकचं पुढचं चाक माझ्या नवऱ्याच्या किती जवळ होतं ते मी पाहिलं, आणि त्यानंतर मला तो खड्डा पुन्हा कधी बरा वाटला नाही.

त्यानंतर मी गप्प बसले नाही. प्लास्टर घातलेल्या नवऱ्याला घेऊन मी पंचायतीत गेले, मिलच्या गेटवर गेले, कचेरीत गेले. गिऱ्हाइकांनाही बोलायला लावलं. शेवटी एके दिवशी दुपारी एक तरुण अभियंता आला. हातात टेप होती. मला बघूनच ती टेप ओढून घ्यावीशी वाटली, पण मीच त्याला बोलावलं होतं.

त्याच्याबरोबर पंचायतीचा एक सदस्य आणि मिलचा मॅनेजर असे दोघे आले होते. अभियंता भला दिसत होता, म्हणून मी त्याच्यावर जास्तच लक्ष ठेवलं. त्यानं सांगितलं, की एक यादी वळणापाशी संपते आणि दुसरी शाळेपाशी सुरू होते, मधल्या तुकड्याचं नाव कुठेच नाही. तो कुठल्या वर्गात घालायचा ते ठरवायचं तर जुनी खूण मिळाली पाहिजे. मॅनेजर लगेच आमच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, ही काय खूण, नारिंगी आहे, गावरस्ता आहे, पंचायतीनं करावा. पंचायतवाला भडकला. तो म्हणाला, हा रंग नाही, हा शेंदूर आहे, खरवडून बघा खाली काय आहे ते.

खरवडायला कुणीच पुढे होईना. मॅनेजरनं चप्पल बाजूला काढून ठेवली होती, पण हात पुढे केला नाही. अभियंता म्हणाला, मी नाही हात लावणार, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. सासू ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, कोनी हात लावू नका. तिचा आवाज थरथरत होता. मला वाटलं, देवासाठी थरथरतो आहे.

मी आत गेले, रॉकेलमध्ये फडकं भिजवलं आणि बाहेर आले. सासूनं माझा दंड धरला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो दारात गळ्यात हात अडकवून उभा होता आणि खाली बघत होता. हिरवा निघू दे, मी मनात म्हटलं, निघू दे एकदाचा. खोली जाईल, पण हा माणूस तरी धड घरी येईल. मी सासूचा हात सोडवला आणि खाली बसून घासायला लागले. माझेच थर होते, निघता निघेनात. शेंदूर फडक्याला लागला, नखांत गेला, आणि मग खालून रंग दिसायला लागला.

पिवळा.

मॅनेजर आधी हसला. मग म्हणाला, अरे वा, इथून तर नॅशनल हायवे जातो. हिरव्याला मी भीत होते, पिवळ्याचा तर मी विचारही केला नव्हता. पिवळ्यात नुसती पुढची खोली नाही, मागचं स्वयंपाकघर, न्हाणी, शेजाऱ्याचं घर, सगळंच गेलं असतं. अभियंत्याला काही कळेना. त्यानं माझ्याकडून पहार मागितली आणि दगडाभोवतीची माती उकरली. खाली गावांची नावं निघाली, आणि त्यांतलं एकही आमच्या रस्त्यावरचं नव्हतं.

तेव्हा सासू बोलली.

"हाऊ दगड आठला नही शे," ती अभियंत्याला म्हणाली. "मना नवरानी हायवेवरतीन आना व्हता."

मग तिनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. हायवे रुंद होत होता तेव्हा उपटलेले जुने दगड कडेला पडलेले असायचे. सासऱ्यांनी त्यांतला एक टेम्पोत घालून आणला, रात्रीतून नाही, चांगला दिवसाउजेडी, कुणी विचारलं नाही. नवागामला रस्ता आला तेव्हा वाटेत एक छोटं देऊळ होतं, रस्ता त्या देवळाला वळसा घालून गेला, आणि वळसा घालताना नेमका आमच्या घरात शिरला. सासऱ्यांनी तिथून एकच शहाणपण उचललं होतं. या घराच्या कोपऱ्यावर त्यांनी तो दगड पुरला, सासूनं शेंदूर लावला, आणि देव तयार झाला. आता कुठलाही रस्ता आला तरी तो आमच्याकडून वाकून दुसरीकडे जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

अभियंता हसला नाही, याबद्दल मी त्याला मानते. त्यानं सासूला बा म्हटलं, गुजरातीत आईला म्हणतात तसं, आणि सांगितलं, की दगडानं आमचं काम झालं नाही, मी वरून विचारून ठरवतो. टेप गुंडाळून ते तिघंही निघून गेले.

मी नवऱ्याला विचारलं, तुला ठाऊक होतं? तो गळ्यातली पट्टी सारखी करायला लागला. ठाऊक होतं. टेम्पोतून दगड उतरवताना त्यानंच बापाला हात दिला होता. नणंदेला ठाऊक होतं. अंमळनेरला असलेल्या चुलत दिराला ठाऊक होतं. या घरात मी केस पांढरे केले, हजारो भाकऱ्या थापल्या, सासऱ्यांचं सगळं अंथरुणात केलं, आणि दारातल्या दगडाची गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती. मी जगावर पहारा ठेवत होते, आणि घरातले माझ्यावर. मला ते फार लागलं. नवऱ्यानं एवढंच म्हटलं, की खानावळ आहे, दिवसभर लोकांशी बोलणं, तुझ्या तोंडून निघून गेलं असतं. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवले नाही.

काही आठवड्यांनी अभियंता परत आला. ट्रकांची वर्दळ बघून तो तुकडा जिल्ह्याच्या रस्त्यात घेतला होता. रस्ता पक्का होणार, कडेला गटार होणार. त्यानं मध्यापासून टेप धरली आणि आमच्या घराशी आणली. मी टेपेच्या दुसऱ्या टोकाशी उभी राहिले, ती एक बोटही इकडची तिकडे होऊ दिली नाही. रेघ पुढच्या भिंतीच्या आत, हाताच्या अंतरावर आली. तो म्हणाला, बेन, भिंत मागे घ्यावी लागेल, बाकी घर राहील. हातभर म्हणजे फार नाही, असं ऐकणाऱ्याला वाटेल. आमच्या खोलीत तेवढ्या जागेत जेवणाऱ्यांची एक अख्खी रांग बसते.

सासू आणि नवरा यांची मग कुजबुज सुरू झाली. मी शेगडीपाशी असले की ते ओट्यावर, मी ओट्यावर आले की ते मागे. पण आता त्यांना माझी गरज होती. दगड जड, नवऱ्याचा हात अजून कच्चा. शेवटी सासूनं मला मागच्या बाजूला बोलावून सांगितलं, की दगड उचलून बरोबर पुढच्या भिंतीच्या पायाशी, रस्त्याच्या बाजूनं बसवायचा, शेंदूर लावायचा, वर घंटा टांगायची. काम करणारे येतील ते देवाला हात लावणार नाहीत. काम थांबेल. कुणी विचारलंच तर म्हणायचं, पिढ्यान्‌पिढ्यांचा देव आहे. अभियंता कुठे रोज येणार आहे, आणि कामवाल्यांना काय माहीत. मी विचारलं, आणि रस्ता? ती म्हणाली, रस्ता आपल्या दाराशी थोडा अरुंद राहील. म्हणजे तो खड्डा राहील. तरी मी दगड उचलू लागले. आम्ही दोघींनी मिळून तो बसवला, आणि शेंदूर मीच लावला. सासूला वाटलं, सून आता आपल्यातली झाली.

काम करणारी टोळी सकाळी आली, रोलर वळणापाशी उभा राहिला. खोदणारं यंत्र आमच्या भिंतीशी येऊन थांबलं. मुकादम उतरला, दगड बघितला, घंटा बघितली, आणि डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. नवरा आत होता. सासू ओट्यावर माळ घेऊन बसली होती. मुकादमानं तिला सोडून मला विचारलं, मी दारात उभी होते म्हणून.

"बेन, आ देव छे?"

सासूनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. त्या बघण्यात विनंती होती.

"ना भाई," मी म्हटलं. "हायवेनो पथ्थर छे."

मुकादमानं दोन माणसांना हाक मारली. त्यांनी दगड उचलून कडेला ठेवला, आणि दुपारपर्यंत भिंत पडली.

ते मी रस्त्यासाठी बोलले की रागासाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. नवऱ्याचं ट्रकसमोर बसणं डोळ्यांपुढे होतं हे खरं. पण दारातल्या दगडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आणि मला नाही, तेही डोळ्यांपुढे होतं. दुसऱ्यांवर इतका संशय घेतला, आता स्वतःवरही येतो.

रस्ता चांगला झाला. नवरा पाळीवरून येतो तेव्हा गाडीचा आवाज सरळ येतो, मध्ये कुठे अडखळत नाही. डाळीत राख पडत नाही. खानावळीत एक रांग कमी बसते, गिऱ्हाईकं बाहेर थांबतात, काही कंटाळून पुढच्या खानावळीत जातात. तिकडे काय वाढतात ते मी जाणून घेतलं आहे.

सासू माझ्याशी बोलायची ती कामापुरतं, मीठ दे, पाणी ठेव. भिंतीचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. एक दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून मेथी निवडत होतो. बाहेरून एक भरलेला ट्रक गेला, नुसता सरसर आवाज करत. ती तो आवाज ऐकत राहिली. मग मेथीवरून नजर न उचलता म्हणाली,

"सांगी दिधं ना तू? म्हनीसनच तुले सांगेल नव्हतं."